तुळसाबाईची झोप

ज्योत्स्नाचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं, आणि संक्रांत होऊन गेली तरी गुलाबराव गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र शब्दकोशात ठेवलेलं. काही ना काही निमित्तानं शब्दकोश उघडायचा, पत्राचा निळा कोपरा दिसायचा, आणि हवा तो शब्द न बघताच गुरुजी तो मिटून टाकायचे.

ज्योत्स्ना त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता मानोऱ्याकडच्या एका शाळेत सातवीला शिकवत होती. 'फोन केला तर तुम्ही हो-हो म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते,' अशी सुरुवात करून तिनं मन मोकळं केलं होतं. राज्याकडून येणाऱ्या चाचणीत तिचा वर्ग केंद्रातल्या साऱ्या शाळांत शेवटचा आला होता. शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांदेखत ते वाचून दाखवण्यात आलं. 'वर्गात पोरं धडाधड उत्तरं देतात, गुरुजी. पेपर हातात पडला की गप्प. माझं काय चुकतं? उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा चाचणी आहे. तेव्हाही असंच झालं तर हेडसरांना सांगून मी सातवी सोडणार. मला शिकवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.'

गुरुजी काय उत्तर देणार? उभी हयात आसेगावच्या शाळेत शिकवून आपल्याला शिकवता येतं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आवाज इतका बारीक की मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. एक हेडमास्तर म्हणायचे, "गुलाबराव, पोरांना शिकवता की फळ्याला?" सगळे हसायचे. गुरुजीही हसायचे. अशा माणसानं दुसऱ्याला काय सांगावं!

शेजारी तुळसाबाईचा भाजीचा मळा होता. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. मंगरूळपीरच्या बाजारात ती स्वतः नेऊन विकायची. तिची नात अंजू गावातच सातवीत शिकत होती. एका रविवारी दुपारी तुळसाबाई नातीचा हात धरून गुरुजींच्या ओसरीवर आली.

"गुर्जी, पाहा हिच्याकडं. घरी पेपर वाचते, बियाच्या पाकिटावरचं वाचते, मले सारं वाचून दाखवते. अन् चाचणीत भोपळा! सर म्हन्ते, पोरीले वाचताच येत नाई. मंग घरी का मी भुताच्या तोंडून ऐकून राह्यली?"

"भोपळा नाई काई," अंजू पुटपुटली. "थोडे भेटले होते."

"थोडे म्हनजे दोडका."

गुरुजींकडे जुन्या चाचणीची एक पत्रिका होती, ती त्यांनी अंजूपुढे ठेवली. त्यात कुंभाराच्या हरवलेल्या गाढवाचा उतारा होता, खाली प्रश्न. अंजूनं तो खणखणीत आवाजात वाचायला घेतला. गुरुजींच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. त्यात लक्ष लागेना.

"मनात वाच, बाळ."

अंजू गप्प झाली. बऱ्याच वेळानं गुरुजींनी वर पाहिलं, तर तिची नजर ओळींवरून फिरतच नव्हती. कळपातून चुकलेल्या वासरासारखी ती एकाच शब्दावर थबकली होती.

"वाचलंस?"

"हो."

"मग गाढव कुठे सापडलं?"

"काय मालूम."

"अगं, वाचलंस ना?"

अंजूच्या डोळ्यांत पाणी आलं. "मनात वाचलं की काई ऐकूच येत नाई, गुर्जी. नुसती अक्षरं दिसते. शाळेत आमी सगळे मिळून वाचतो. चाचणीत म्हन्ते, तोंड बंद."

"बरं, मोठ्यानं वाच."

तिनं वाचलं, आणि एकामागून एक सगळी उत्तरं सांगून मोकळी झाली.

गुरुजी बघतच राहिले. शाळेत सगळ्या वर्गानं सुरात म्हणायचं, घरी आजीला ऐकवायचं. या पोरीनं आजवर एक ओळदेखील एकटीनं वाचली नव्हती. आणि त्यांनी स्वतः जन्मभर एकट्यानं, मनात वाचण्यावाचून दुसरं केलं काय होतं? पण मुकाट्यानं वाचणं हीही कुणाला शिकवायची गोष्ट असते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कुंपणापाशी येऊन घुटमळले. "तुळसाबाई, तुम्ही दुपारी जरा झोपाल का?"

"आँ? अन् वांगी कोन तोडन?"

"नुसतं सोंग करायचं. अंजू जवळ बसून वाचेल. तुम्हाला ऐकू आलं तर उठायचं. तुमची झोप मोडली की ती हरली."

तुळसाबाई तोंडावर पदर घेऊन ओसरीवर आडवी झाली. अंजूनं पहिली ओळ वाचली न वाचली तोच पदर उडाला. "उठली मी!"

आवाज खाली आला. "उठली!" कुजबुज झाली. "कुजबुज का मले ऐकू येत नाई? कान शाबूत हायेत माहे." मग नुसते ओठ. "ओठ हलून राह्यले तिचे!"

"आजी, तू डोळे उघडले! हे चालत नाई!"

रोज दुपारी हा खेळ चालला. आधी एक ओळ, मग दोन, मग सबंध उतारा. अडली की अंजू तेवढा शब्द कुजबुजायची. गुरुजी तिकडे कानाडोळा करायचे. एका दुपारी तुळसाबाई आवाजाची वाट पाहता पाहता खरंच झोपी गेली. घोरू लागली. अंजू नवा उतारा वाचत होती, ओठ मिटलेले. आणि एकाएकी ती खुदकन हसली.

"काय झालं?" गुरुजींनी विचारलं.

"बकऱ्यानं नवरदेवाचं बाशिंग खाल्लं!"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तुळसाबाई उठून बसली. सारा प्रकार ऐकून आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला.

"म्हनजे आता तू मनातच वाचशीन? मंग मले कोन ऐकवन?"

"आजी, मनातलं चाचणीसाठी. तुह्यासाठी मोठ्यानंच."

त्या संध्याकाळी गुरुजींनी पत्र लिहायला घेतलं. लिहिलं, फाडलं. ही एका पोरीची गोष्ट. ज्योत्स्नाच्या वर्गाचं दुखणं निराळंच असलं तर? चाचणी जवळ येत होती. शेवटी एक कागद फाडायचा राहिला, तो घेऊन ते कितीतरी दिवस बसून होते.

"टाकलं का पत्र?" तुळसाबाईनं कुंपणावरून विचारलं.

"टाकावं की नाही, तेच..."

"वाचा मले."

गुरुजी वाचू लागले.

"ऐकू नाई येत, गुर्जी. आता काई मी झोपली नाई."

त्यांनी घसा खाकरला आणि आवाज चढवला. "चूक तुझी नाही, पोरांचीही नाही. त्यांना सोबतीनं वाचता येतं, एकट्यानं येत नाही. निदान मला तसं वाटतं. सोबत एकदम काढून घेऊ नकोस. आवाज हळूहळू कमी होऊ दे. वर्गात कुणाला तरी झोपेचं सोंग घ्यायला लाव. मी सांगतो ते चूकही असेल. पण सातवी सोडू नकोस."

"'चूक असेल' ते कायले लिहिलं?"

"असूही शकेल ना."

"मंग राहू द्या. पन टाका आज."

ती बाजाराला निघालीच होती. पत्र नेते म्हणाली. गुरुजींनी दिलं नाही. चपला घालून ते स्वतः टपालपेटीपर्यंत गेले आणि पाकीट आत सोडलं. हात घालून ते परत काढता येतं का, हेही त्यांनी एकदा पाहिलं. येत नव्हतं. मग ते घरी निघाले.