चंद्रव्वाच्या चटणीचं दुकान आणि मी

मित्रांनो, शुक्रवार पेठेतल्या एका घरात, कपाटावर, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला लॅपटॉप म्हणजे मी. माझी बॅटरी फुगली आहे. तरी अजून आठवतं सगळं.

माझी उमेदीची वर्षं कुर्डुवाडीच्या एका विमा कचेरीत गेली. तिथून मी जुन्या मालाच्या दुकानात आलो आणि काव्यानं मला विकत घेतलं. तिची आई चंद्रव्वा उखळात शेंगाची चटणी कुटायची. ती चटणी देशभर विकायची, असं काव्यानं ठरवलं. रोज दुपारी माझ्यापुढं बसून तिनं एकटीनं ऑनलाइन दुकान उभं केलं. "माझा लॅपटॉप लई गुणाचा," असं ती मैत्रिणींना सांगायची. मी सुखावून जायचो.

दिवाळी जवळ आली. बाहेरगावचे लोक विचारू लागले, क्रेडिट कार्ड चालतं का? त्यासाठी मधली एखादी कंपनी निवडायची होती, जी गिऱ्हाइकाच्या कार्डावरचे पैसे घेऊन काव्याच्या खात्यात टाकेल. दोन कंपन्यांची पानं माझ्या पडद्यावर उघडली. एक कंपनी दर ऑर्डरमागं जास्त टक्के घेणार होती, शिवाय कागदपत्रं तपासायला पंधरा दिवस लावणार होती. दुसरी म्हणत होती, पहिलं वर्ष फुकट आणि तासाभरात सुरू.

काव्याचे मामा गुरुशांत पतसंस्थेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही पानं चष्मा लावून वाचली.

"पंधरा दिवस लागू दे की," ते म्हणाले. "कुटं अडलं तर फोन उचलणारं माणूस पायजे. ह्या दुसऱ्याचा नंबरच न्हाय."

पंधरा दिवसांत दिवाळी निघून जाईल, असं काव्यानं सांगितलं. मामा गेल्यावर तिनं दुसऱ्या कंपनीचं पान उघडलं. अटींची बत्तीस पानं तिच्या बोटाखालून झरझर सरकली. एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, की विक्री एकाएकी वाढली तर कंपनी सगळी रक्कम सहा महिने रोखून धरू शकते. ते माझ्याच पडद्यावरून गेलं. काव्यानं खाली जाऊन 'मान्य' दाबलं.

पहिल्याच आठवड्यात तीनशे ऑर्डरी आल्या. चंद्रव्वानं शेजारच्या केराबाईला मदतीला घेतलं. दोघींच्या तळहातांना फोड आले, पण दोघी खुशीत होत्या. आठव्या दिवशी खातं गोठलं. पैसे काढता येईनात आणि गिऱ्हाइकांना परतही करता येईनात. शेंगा आणायला हातात काही उरलं नाही. निम्म्या ऑर्डरी तशाच राहिल्या. मग लोकांनी दुकानाच्या पानावर लिहायला सुरुवात केली, 'फसवणूक'.

काव्या रोज कंपनीला लिहायची. रोज तेच छापील उत्तर यायचं, आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एका दुपारी चंद्रव्वा तिच्या शेजारी येऊन बसली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय म्हणायलेत ते?"

"कायच न्हाय, अव्वा. तितं माणूसच न्हाय."

"आन् लोकं?"

काव्यानं दुकानाचं पान घाईनं बंद केलं. आईनंच ओळखलं.

"चोर म्हणायलेत व्हय आपल्याला?"

काव्यानं माझं झाकण मिटलं.

चंद्रव्वानं हातातल्या पाटल्या विकल्या. त्यातून एकेका गिऱ्हाइकाचे पैसे परत गेले. प्रत्येकाला काव्यानं नावानिशी माफीचं पत्र लिहिलं. तिघांनी उत्तर दिलं. शेवटचं पत्र गेल्यावर तिनं दुकान पुसून टाकलं. सहा महिने उलटून गेले, कंपनीकडून काही आलं नाही. काव्या आता कापडाच्या दुकानात बिलं करते. चंद्रव्वा चटणी कुटते, ती घरापुरतीच.

मित्रांनो, मला झटकूनपुसून ठेवा, असं मी मागत नाही. माझं आयुष्य झालं. पण तुम्ही माझ्यासारख्या कुणापुढं बसाल, तेव्हा बारीक अक्षरं सावकाश वाचा. कळत नसेल तर घरातल्या कुणाला शेजारी बसवा. आम्हाला सगळं दिसत असतं, मित्रांनो. फक्त तुमचा हात धरता येत नाही.