तोशोकाच्या शिवणीतले बिऱ्हाड

मी एक जुना तोशोक आहे. नारीनच्या डोंगरात लोकर भरलेल्या गादीला हेच म्हणतात. सुयुमच्या आईने लेकीच्या लग्नासाठी मला शिवले. सासरी पोचलो आणि भिंतीशी रचलेली गाद्यांची चळत पाहून मी थक्कच झालो! पार छताला टेकलेली. मित्रांनो, आमच्याकडे चळत जितकी उंच, तितकी घराची इभ्रत मोठी. म्हणून ती मोडून कोणी झाडत नसे.

त्या चळतीतून ढेकूण माझ्या शिवणीत शिरले. एवढासा जीव, पण काय त्याची हुशारी! दिवसा कुणाला दिसायचाच नाही.

थोड्याच दिवसांत सुयुमच्या उघड्या हातांवर आणि मानेवर लाल गांधी उठल्या, ओळीने मांडल्यासारख्या. खाजवून ती बेजार झाली. तिच्या सासूबाई बुरुलचा-आपा हळहळल्या, "माझ्या सुनेला दृष्ट लागली गं!" दृष्ट उतरवायला त्यांनी अर्चाच्या, म्हणजे डोंगरातल्या सुवासिक झाडाच्या, डहाळ्या पेटवून घरभर धूर केला. गांधी वाढतच राहिल्या.

शेजारची कालबुबू आपांच्या कानाशी कुजबुजली, "लागट रोग आहे बाई हा. तिला माहेरी धाड कशी!"

सुयुमने ते ऐकले आणि बोचके बांधायला घेतले. मला ओरडावेसे वाटले, पण गादीला कुठले तोंड?

"आजची रात्र थांब," आपा म्हणाल्या. "मी झोपते तुझ्याजवळ. बघू कोण दृष्ट लावतंय ते!"

सकाळी आपांच्या मनगटावरही तशीच ओळ.

"अगं, मला म्हातारीला कुणाची मेली दृष्ट लागणार?" त्या हसल्या आणि एकदम त्यांची नजर अंथरुणाकडे वळली. त्यांनी माझी शिवण उलटून पाहिली. आत काळे ठिपके आणि चपटे, तपकिरी ढेकूण!

"सुयुम, सोड ते बोचकं. रोग तुला नाही, माझ्या चळतीला झालाय."

त्यांनी तिचे हात साबणाने धुतले, थंड ओला फडका ठेवला. "खाजवू नकोस हं, चिघळेल. तोंड सुजलं, धाप लागली, तर तडक डॉक्टरकडे जायचं." कपडे उकळत्या पाण्यात गेले. सगळी चळत मोडून आम्हाला अंगणात बर्फावर पसरले. आणि काय ती थंडी, मित्रांनो! नदी थिजली होती, श्वास हवेत गोठत होता. कित्येक दिवस आम्ही तसेच पडून होतो. एकही ढेकूण वाचला नाही. त्या गारठ्यापुढे मी आजही हात जोडतो.

कालबुबू कुंपणावरून ओरडली, "अगं, घराची लाज चव्हाट्यावर मांडलीस! गाव बघतंय!"

"बघू दे," आपा म्हणाल्या. "सून गेली असती, तर गाद्या रचून कुणाला झोपवायचं होतं?"

हे बोलताना त्यांनी सुयुमचा हात घट्ट धरला होता. माझ्या लोकरीतसुद्धा तेव्हा ऊब दाटून आली. मित्रांनो, कुणाच्या अंगावर गांधी दिसल्या, तर त्या माणसापासून दूर सरकू नका. आधी त्याचे अंथरूण उलटून पाहा.