व्हिला कार्पिनेताचा जिना

शरदाचे सोनसळी ऊन तोस्कानाच्या टेकड्यांवरून उतरत होते. द्राक्षमळ्यांतून, सरूंच्या श्यामल रांगांतून येऊन नव्याकोऱ्या व्हिला कार्पिनेताच्या शुभ्र ललाटावर टेकत होते. चारशे वर्षांपूर्वीचे ते ऊन.

डावीकडे सहा स्तंभ, उजवीकडे सहा स्तंभ. डावीकडे सात गवाक्षे, उजवीकडे सात गवाक्षे. समतोलाची समाधी लागलेल्या वास्तुकार फाब्रित्स्योने सारे मोजले, सारे जुळवले, आणि जिना तेवढा विसरला.

खालचा मजला होता, वरचा मजला होता; मध्ये केवळ स्थापत्यशास्त्र होते.

आता जिना घातला तर समतोल ढळेल, असे त्याचे म्हणणे. त्याने उपाय सुचवला: कप्पी, दोर आणि रेशमी अस्तराची टोपली.

"टोपलीतून द्राक्षं जातात, महाशय," ऐंशी वर्षांच्या मालकीणबाई दोन्ना ऑर्तेन्झिया म्हणाल्या. "मी पायांनी जाईन."

जन्मभर राखलेले मळे वरच्या गवाक्षातून एकदा एका नजरेत पाहावेत, एवढीच त्यांची आस. आणि गुडघ्यांपाशी फार हिवाळे उरले नव्हते.

मग पाथरवट बेप्पे आला. घराच्या ऐन मध्यावरल्या वर्तुळाकार दालनात त्याने पाषाणाला वळण दिले. शंखाकृती, श्वेत, निःस्तंभ. मध्ये खांब नाही. नुसती निळसर पोकळी, आणि तिच्याभोवती पायरीवर पायरी, पायरीवर पायरी.

"आधार कशाचा?" फाब्रित्स्योने विचारले.

"एकमेकींचा. माझ्या घरात सात बायका आहेत. पडलं का घर?"

(आजचे वाटाडे जिन्याचे श्रेय फाब्रित्स्योला देतात. तो समतोलाचाच भाग असावा.)

पाथरवटांची रीत जुनी होती: खालचे लाकडी टेकू निघताना बांधणाऱ्याने जिन्याखाली उभे राहायचे. चूक असलीच, तर ती मग त्याला समजावून सांगावी लागत नाही.

बेप्पे उभा राहिला, टोपी छातीशी धरून. टेकू निघाले. धूळ झरली. एक खोल, कृष्णगंभीर करकर; आणि दगड दगडावर विसावला.

दोन्ना ऑर्तेन्झियांनी घागरा सावरला.

"बाईसाहेब, आजचा दिवस दगडाला बसू द्या," खालून बेप्पे म्हणाला.

"तो बसेल. मी बसले तर उठायची नाही."

एक पायरी, आणि श्वास. एक पायरी, आणि श्वास. कंप पावणारी काठी, कंप न पावणारा जिना. वळणामागून वळण, उजेडामागून उजेड. शेवटी पायरी संपली आणि आकाश लागले.

गवाक्षाच्या कठड्यावर त्यांनी दोन्ही हातांची कोपरे टेकली. मळ्यामागे मळा, टेकडीमागे टेकडी, पक्व, जांभळी, अपार. आणि सारी, सारी त्यांच्या पायांखाली.