चौरंगावर बसवलेला फिटोस्कोप

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फिटोस्कोप आहे. नाव साहेबी असलं तरी जन्म इथलाच. अंबाजोगाईच्या एका कातारी दादांनी भोवरे आणि लाटणी करता करता मलाही शिसवाच्या लाकडातून कातून काढलं. वीतभर उंची, एका टोकाला पसरट तोंड, दुसऱ्या टोकाला कान टेकवायला चकती. आईच्या पोटावर मला उभं धरलं की आतल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. सांगा बरं, असं काम किती जणांच्या नशिबी येतं?

बीडजवळच्या एका सरकारी दवाखान्यात मी तुळजाबाई सिस्टरांच्या हाती आलो. त्या बाळंतपणाचं खास शिक्षण घेऊन आलेल्या प्रसाविका होत्या. साधं बाळंतपण त्या स्वतः पार पाडायच्या आणि कुठे अडतंय असं दिसलं की वेळेवर डॉक्टरांना हाक मारायच्या. डॉक्टरही हातातला चहा ठेवून निघायचे. नेकनूरकडच्या एसटीतून उतरलेल्या बाया आधी तुळजाबाईंनाच शोधत. त्या माझ्यावर कान टेकवून डोळे मिटायच्या, तेव्हा खोलीत कुणी चकार शब्द काढत नसे. मला तेव्हा भारी मिजास होती.

मग नवे साहेब आले. नर्स ती नर्स, तिने सगळीकडे काम करावं, असा त्यांनी हुकूम काढला आणि तुळजाबाईंची रवानगी डोळ्यांच्या वॉर्डात झाली. त्यांच्या जागी रतनबाई आल्या. स्वभावाने गरीब गाय, पण हे काम त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. त्यांनी मला पुसून कपाटात ठेवून दिलं.

त्या वर्षी दुष्काळ होता. ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्याचीही वाट न बघता पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांकडे निघाल्या होत्या. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. बाळंतपण काही मुहूर्त बघून येत नाही, म्हणून कात्री-चिमटे कामाला मोकळे ठेवले होते. मी पडलो सगळ्यांत जुना. रतनबाईंनी मला मानाने चौरंगावर बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

तेवढ्यात भिवराबाई आली. सातवा महिना, पाय सुजलेले, चेहराही सुजलेला. बाहेर तिच्या टोळीचा मुकादम आसाराम याचा ट्रक उभा होता.

"तुळजाबाई कुठं हायेत? लेकरू कालधरनं गप हाय. टोळीसंगं निघू का न्हाई, तेवढं बघून सांगा."

रतनबाई घुटमळल्या. "त्या डोळ्याच्या वॉर्डात हायेत. साहेबाला इचारल्याबिगर त्यांना इकडं येता येत न्हाई. अन् हे आज पूजेत हाय, हलवता येत न्हाई. उद्या सकाळी ये गं माय, मी त्यांना घिऊन येते."

"उद्या म्या कुठं असंन, बाई? गावात प्यायला पानी न्हाई. टोळी गेल्यावर म्या एकली काय करू?"

ट्रकचा हॉर्न वाजला, नवऱ्याने हाक मारली. भिवराबाईने चौरंगाला हात जोडले आणि ती गेली. मी फुलाखाली नुसता चडफडत राहिलो.

रतनबाईंना राहवलं नाही. त्यांनी जाऊन तुळजाबाईंना सांगितलं. तुळजाबाई साहेबांना न विचारताच धावत आल्या, मला कुंकवासकट उचलून थेट रस्त्यावर गेल्या. ट्रक निघून गेला होता.

"रतन, मला आदी कावून न्हाई बोलावलंस गं?" एवढंच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या पिशवीत ठेवलं.

उन्हाळ्याच्या तोंडी टोळ्या परतल्या. भिवराबाई रिकाम्या ओटीने आली. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, तिला झटके आले होते. ती वाचली, मूल मात्र मेलेलंच जन्मलं. डोळ्यांच्या वॉर्डात तुळजाबाईंना गाठून ती बाकावर बसली. भांडली नाही, रडलीही नाही.

"बाई, त्या दिवशी त्याचं काळीज चालू होतं का वो?"

त्या दिवशी कुणी ऐकलंच नव्हतं.

तुळजाबाई निवृत्त झाल्या त्याही डोळ्यांच्या वॉर्डातूनच. एवढं शिकलेला कान, पण त्याला पुन्हा बाळाचा ठोका ऐकायला मिळाला नाही. मला त्याचंच वाईट वाटतं.

मित्रांनो, माझी जागा आता यंत्रांनी घेतली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिला हे काम येतं, तिला तिच्या खोलीतून हलवू नका. आणि कुणी पोटाला हात लावून दारात आली, तर मला चौरंगावरून खुशाल उचला. पूजा मागून करता येते.