मोरसला गेलेला राणोजी

प्रेमिला मॉरिशसहून नगरला मराठी शिकायला आली, ती सत्तर सालच्या पावसाळ्यात. तिकडच्या मराठी मंडळींनी खटपट करून तिला शिष्यवृत्ती मिळवून दिली होती. बी.ए. करून परत जायचं आणि शाळेत मराठी शिकवायचं, असं ठरलेलं. तिचा पणजा उसाच्या मळ्यांत राबायला तिकडं गेला होता. बंदरावरच्या गोऱ्या कारकुनानं त्याचं नावच आडनावाच्या जागी घातलं, तेव्हापासून हे घराणं राणोजी.

माळीवाड्यात रंगूबाईंच्या घरी तिला खोली मिळाली. रंगूबाईंचा नवरा वारलेला, मुलगा नाशकात नोकरीला. त्यांनी या पोरीला जीव लावला. सुरुवातीचे रविवार मजेत गेले. सकाळी न्हाणं, दुपारी धुणं, संध्याकाळी वर्गातल्या मुलींबरोबर कापडबाजारात भेळ. एकदा सगळ्याजणी भाड्याच्या सायकली काढून चांदबिबीच्या महालावर गेल्या. चढावर सायकली ढकलून दमछाक झाली, आणि वर वारा असा की एकीचं बोलणं दुसरीला ऐकू येईना. त्या दिवशी प्रेमिलाला घरची आठवण आली नाही.

दिवाळीनंतर रंगूबाईंच्या मनानं घेतलं, की या पोरीची माणसं शोधून द्यायची.

"आजी म्हणायची, आम्ही समुद्राकाठचे," प्रेमिला म्हणाली. "देवगडच्या बाजूचे."

"अगं, जहाजात बसायचं म्हणजे समुद्राकाठी जावंच लागतं," रंगूबाई म्हणाल्या. "त्यावरून माणूस तिथला होतो होय?"

त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांत शब्द टाकला. मग दर रविवारी एसटी. कधी पाथर्डी, कधी शेवगाव. जाईल तिथं चहा, पोहे, आणि घरातल्या बायकांनी केलेली बारीक पाहणी. "नाक आमच्यातलंच दिसतंय," कुणीतरी म्हणायचंच. इकडं मैत्रिणी मॅटिनीला जायच्या. नको म्हणावं, तर रंगूबाईंच्या डोळ्यांतला उत्साह बघून तिची जीभ वळायची नाही.

संक्रांतीनंतर नेवाशाचा निरोप आला. तिथं आक्काबाई म्हणून ऐंशी ओलांडलेली म्हातारी होती. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच. तिच्या जन्माआधी तिचा चुलता मुंबईला गेला होता. तो मोरसच्या जहाजात चढला एवढं कळलं, पुढं काही नाही. मॉरिशसला इकडं जुनी माणसं मोरसच म्हणायची. आणि चुलत्याचं नाव राणोजी.

आक्काबाईनं प्रेमिलाला दारातच कवटाळलं. तिच्या गालांवरून, कपाळावरून हात फिरवत राहिली. "आलीस गं," एवढंच म्हणाली. शेजारच्या बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या.

घरचा कर्ता रंगनाथ, आक्काबाईचा पुतण्या, मात्र मधेच बाहेर गेला, पारावर दोघांशी हळू आवाजात बोलला आणि परत आला. जेवताना त्यानं विचारलं, "ताई, तुमच्याकडं वाटन्या कशा हुत्यात? म्हंजी आजोबा-पंज्याची जमीन आसली तर?"

प्रेमिलाला आधी अर्थच लागला नाही. मग त्याची बायको भाकरी वाढता वाढता थांबलेली तिला दिसली, आणि सगळं लक्षात आलं.

"दादा," ती म्हणाली, "माझे पणजोबा तुमच्या घरचे नाहीत. त्यांचे वडील देवगडला मचवा चालवायचे. आजीनं मला हे कितीदा तरी सांगितलंय."

रंगनाथनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. आक्काबाईनं प्रेमिलाच्या पाठीवरचा हात काढून घेतला. ती उठली, आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

परतीच्या एसटीत रंगूबाई म्हणाल्या, "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं? म्हातारीचे किती दिवस राहिलेत?"

"दुसऱ्याची माया मी कशी घेऊ, मावशी?"

रंगूबाईंना हे पटलं, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत.

आठवडाभर प्रेमिलाच्या डोळ्यांसमोरून ती वळलेली पाठ हलेना. पुढच्या रविवारी ती एकटीच नेवाशाच्या गाडीत बसली.

रंगनाथ अंगणात बैलांना पाणी पाजत होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला. "काही ऱ्हायलं का, ताई?"

"काही नाही. आजींना भेटायला आले."

आक्काबाई ओसरीवर बसली होती. "आता कशापायी आलीस?"

प्रेमिला तिच्याजवळ खाली बसली. "आजी, तुमचा राणोजी माझा कुणी नव्हे. पण तो मोरसला पोचला असेल, तर माझ्या गावासारख्याच गावात राहिला असेल. तिथलं सांगू का?"

म्हातारी उठून गेली नाही.

मग प्रेमिलानं सांगितलं. डोंगरापासून समुद्रापर्यंत ऊसच ऊस, मळ्यातले दगड उचलून रचलेले ढीग, मजुरांच्या गवती झोपड्या, पहाटेची घंटा, मुकादमाचा मार. काही लपवलं नाही.

"भाकर मिळायची का त्याला?"

"ज्वारी नाही तिकडं. भात आणि डाळ."

"भातानं काय हुतंय," आक्काबाई पुटपुटली. मग म्हणाली, "आन बोलायला कोन?"

"एका जहाजातून आलेली माणसं एकमेकांना जहाजभाई म्हणायची. जात, मुलूख कुणी विचारायचं नाही. एकमेकांच्या घरच्या लग्नांत ते सख्ख्या भावासारखे राबायचे. आमचे पणजोबा वारले, तेव्हा एका बिहारी जहाजभाईनं घर सांभाळलं."

आक्काबाई तिच्याकडं वळून बसली.

"माझी आजी मरताना म्हनत हुती, माझं पोरगं परमुलखात एकलंच मेलं आसंल," ती म्हणाली. "तसं न्हाई म्हनायचं मग."

"एकटा नसणार, आजी. तिकडं एकट्याला कुणी राहू द्यायचं नाही."

आक्काबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि रंगनाथला हाक मारली. "हुरडा भाज रं. पोरगी सकाळपासनं उपाशी हाय."

शेत घरामागंच होतं. रंगनाथनं गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, तळहातावर चोळून गरम दाणे तिच्या ओंजळीत घातले. वर न बघता म्हणाला, "मागल्या टायमाला मी उगंच तसलं इचारलं. मनावर घेऊ नगा." प्रेमिलानं हसून मान हलवली. लसणीची चटणी इतकी झणझणीत होती, की तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

बांधावरून जाणाऱ्या एका बाईनं थांबून विचारलं, "कोन पाव्हनी, आक्का?"

आक्काबाई दाणे चघळत होती. ते गिळून झाल्यावर म्हणाली, "आमचा राणोजी गेला ना, त्या गावची हाय."

परीक्षा जवळ येईपर्यंत प्रेमिला आणखी दोनदा नेवाशाला गेली. शेवटच्या वेळी रंगूबाईही आल्या, वाटेत खायला दशम्या बांधून. बाकीचे रविवार तिनं मैत्रिणींबरोबर काढले.