पाण्यातलं औषध

मी टाकी बोलतेय. वस्तीच्या टोकाला, चढावर चार खांबांवर उभी असलेली पाण्याची टाकी. माझं पाणी सगळेच पितात. मान वर करून बघतं कोण?

बघायचे ते पाणी सोडणारे दादा. रोज सकाळी शिडी चढून यायचे, जंतू मारायची पांढरी पावडर बादलीत कालवायचे आणि माझ्या पोटात ओतायचे. तिला सगळे औषधच म्हणत. "आज औषध जरा जास्त टाकलंय, वास येईल हं," असं दादा भोळेपणानं वरूनच ओरडून सांगायचे.

त्या वाक्यानंच घात केला. आपल्या बोलीत तापावरचंही औषध आणि उंदराचंही औषधच. कुणीतरी दादांचं बोलणं फोनवर टिपलं आणि ते भलताच अर्थ लावून घरोघरी पोचलं: आपल्या माणसांना मुलं होऊ नयेत म्हणून पाण्यात औषध टाकतात. निवडणूक तोंडावर आलेली. एका पुढाऱ्यानं त्यावर सभा घेतल्या, पोरांची टोळी जमवली. माकडाच्या हाती कोलीत मिळालं. टोळीत सगळ्यांत पुढे दादांचा धाकटा भाऊ. लहानपणी दादांच्या खांद्यावर बसून मला बघायला यायचा तो. मला फार वाईट वाटलं.

दादा सगळ्यांना म्हणाले, वर येऊन बघा. दोन-चार बायका आल्या, पावडर हुंगून नाकं मुरडली, दादा त्यांच्यासमोर पेलाभर पाणी प्यायले, तशा हसत उतरल्या. त्यांच्या घरातलं एकही पोर पुढे टोळीत गेलं नाही. पण अशी घरं किती?

"तुला पढवून ठेवलंय, दादा," धाकटा म्हणाला.

"अरे, एकदा शिडी तर चढ."

तो चढला नाही. टोळी मात्र भर दुपारी सळया घेऊन आली. पावडरीची पोती मातीत रिकामी झाली. दादांना शिडीवरून खेचलं. त्यांची कंबर मोडली. धाकट्यानं हात लावला नाही, पण कुणाला अडवलंही नाही. एवढं पाणी पोटात असून मला साधी हाक मारता आली नाही.

आता औषध टाकायला कुणी धजावत नाही. पाणी तसंच सुटतं. मुलं जुलाबानं हैराण आहेत, धाकट्याची लेक दवाखान्यात सलाईनवर आहे. काल तो माझ्या खांबाला टेकून रडत होता. "मी सांगतच होतो ना, पाण्यात काहीतरी आहे."

आता खरंच आहे रे बाळा.

मला जीभ नाही. शिडी मात्र अजून शाबूत आहे. कुणीतरी चढा.