समारोपाची प्रार्थना

आमच्या सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक जिथे शिकून तयार होतात तिथे, व्याख्यान कशावरही असो, शेवट ठरलेला असतो. सभागृहात वयानं जो सगळ्यांत मोठा, त्यानं समारोपाची प्रार्थना करायची. नाव पुकारायचीही गरज पडत नाही. अध्यक्ष माईक पुढे करतात आणि माना आपोआप खाली जातात. गेली कित्येक वर्षं हा मान थोरल्या सरांचा आहे. निम्म्या पाळकांचे ते गुरू, माझ्या नवऱ्याचेही.

माझ्या लेकीचेही होते. ती इथेच शिकत होती, प्रबंध त्यांच्या हाताखाली लिहीत होती. एका दुपारी त्यांनी अभ्यासिकेचं दार आतून लावून घेतलं. तिनं तक्रार केली तेव्हा समितीनं तिलाच मन शांत ठेवायला सांगितलं. कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडे मागायची? ती शिक्षण सोडून दुसऱ्या शहरात गेली, समुपदेशनाचं काम करू लागली. घरी यायची ती पाहुण्यासारखी, बॅग न उघडता.

यंदा नव्या प्राचार्यबाईंनी जाहीर परिषद ठेवली. विषय, ‘चर्चच्या मंडळीत सुरक्षित कोण?’ पहिलं व्याख्यान माझ्या लेकीला दिलं. तिनं बापाला फोन केला.

“येईन मी बाबा. पण माझ्यानंतर माईक त्यांच्या हातात जाता कामा नये. त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केलेली मला सोसवणार नाही.”

“शब्द दिला,” हे म्हणाले. “सत्राचा अध्यक्ष मीच आहे. प्रार्थना मीच करीन.”

आमचे हे नाकासमोर चालणारे. उपप्राचार्य झाले तेही कधी कुणाशी वाकडं घेतलं नाही म्हणून. तरी या वेळी मी विश्वास ठेवला. आठवडाभर दाढी करताना ते ती प्रार्थना पुटपुटत होते. गालावरचा साबण वाळायचा, पण प्रार्थना संपायची नाही. “देवाला इतकं समजावून सांगावं लागत नाही,” असं मी चिडवलंसुद्धा. ते हसले. लेक पुन्हा आपली होण्याची ही एकच वाट उरली आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सभागृह भरलं होतं. थोरले सर काठी टेकत आले, तसे लोक उठून उभे राहिले. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांना मिळाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी बसून राहिले. म्हणजे मी एकटीच बसून राहिले.

लेक बोलली. कुणाचं नाव घेतलं नाही. दार कसं लागलं, आपण कुणाकुणाकडे गेलो, कोण काय म्हणालं, सगळं सावकाश, न अडखळता सांगितलं. नाव सगळ्यांना कळलं होतं. सर मान हलवत ऐकत होते, विद्यार्थ्याचं पाठांतर ऐकावं तसे. मग प्रश्नांची वेळ आली. एका पाळकांनी विचारलं, “ताई, क्षमेबद्दल आपण काहीच बोलला नाहीत?”

“क्षमा मागायला अजून कुणी आलेलं नाही,” ती म्हणाली.

हे माईक घेऊन उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण सर सवयीनं उठू लागले. शेजारच्या दोघांनी त्यांना कोपराला धरून उभं केलं. मागून पुढपर्यंत माना वाकायला लागल्या. ह्यांनी लेकीकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. बोला, मी मनात म्हणत होते, एक वाक्य बोला, बाकी मी बघून घेते. हे व्यासपीठावरून वाकले आणि माईक सरांच्या तोंडाशी धरला. सरांचे हात थरथरतात ना, म्हणून स्वतःच धरून राहिले.

“हे प्रभू, ही आमचीच लेक,” सर म्हणाले. “तिच्या मनातली कटुता काढून टाक.”

सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे होते आणि तिचे. ती बापाकडे बघत होती. ह्यांनी डोळे गच्च आवळले होते. सभागृह ‘आमेन’ म्हणालं, पण माईक जवळ असल्यामुळे ह्यांचं आमेन सगळ्यांत मोठं ऐकू आलं.

मी धावतच तिच्यामागे व्हरांड्यात गेले. चहाची गर्दी होती. कुणीतरी ह्यांचा हात हातात घेऊन म्हणालं, “छान सावरून घेतलंत.” हात सोडवून हे आमच्याकडे आले.

“अगं, भर सभेत म्हाताऱ्या माणसाला कसं थांबवणार होतो मी?”

“थांबवायचं नव्हतंच बाबा,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “माईक तुमच्या हातात होता. तुम्ही धरून ठेवला होता.”

तिनं मला मिठी मारली, बॅग उचलली आणि फाटकाकडे निघाली. मला तिच्याबरोबर जायचं होतं. तिनं मानेनंच नको म्हटलं. तिला त्या घरातलं कुणीच बरोबर नको होतं, आणि मी त्याच घरातली होते.

ती रस्त्याच्या वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत हे माझ्याशेजारी उभे होते.

“येईल ना ती परत?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

दुसऱ्या सत्राची घंटा झाली. त्याचेही अध्यक्ष हेच होते. त्यांनी रुमालानं डोळे पुसले, रुमालाची नीट घडी घातली आणि आत गेले.